तफीदाने घातलेलं काळं

तफीदा रेडिओ लावायची, पण सलाम होऊन गेल्यावर. आधी नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत भट्टीपुढे बसायची, काटा जरा पुढे सरकला की हात पुसून उठायची आणि मग कळ फिरवायची. बातम्या सांगणारी बाई सुरुवातीला सगळ्यांना सलाम घालते, आणि सलाम कानावर पडला की परत करावाच लागतो, नाहीतर पाप. तफीदा हजला जाऊन आलेली बाई. तिला पापही नको होतं आणि त्या बाईचा सलामही नको होता. म्हणून ही युक्ती.

ती बाई म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, इन्शिराह.

आता बहिणीबहिणींचं असं का व्हावं? आमच्या मल्लवी गावात, इजिप्तमध्ये, कोणालाही विचारा, सांगतील. इन्शिराह जन्मली तेव्हा आई नफूसा सहा महिने अंथरुणाला खिळली. तान्हं पोर तफीदाच्या कडेवर आलं आणि तफीदाची शाळा सुटली. दुसरीत होती. तिला अक्षरं लावून लावून वाचता येतं, तेवढंच. पण बहिणीला तिने कॉलेजपर्यंत नेलं. तफीदाचं लग्न झालं, मुलगा रऊफ झाला, नवरा उसाच्या गाडीखाली गेला, तरी गच्चीवरची कबुतरं आणि बदकं विकून हिने कैरोला पैसे धाडले. इन्शिराहचा आवाज असा, की शाळेत कविता म्हणायला उभी राहिली तर बाहेरचा गाढववाला थांबायचा. तो आवाज शेवटी परदेशी कंपनीने उचलला. पार व्हिएन्नाला. तिथून ती कंपनी अरबी रेडिओ चालवायची आणि सगळ्या अरब मुलखात तो ऐकला जायचा. संध्याकाळ झाली की गल्लीत हाक उठायची, "अगं, व्हिएन्ना लावा, आपली पोरगी बोलतेय!"

तफीदा तेव्हा पहिल्या शब्दापासून ऐकायची. बहीण म्हणायची, सलाम. ही भट्टीतली भाकरी उलथत मोठ्याने म्हणायची, "वालैकुम सलाम! जेवलीस का गं?" वीस-पंचवीस वर्षं हेच. सून नग्वा नवी नवी घरात आली तेव्हा घाबरली होती म्हणे, सासू रेडिओशी बोलते म्हणून.

मग गेल्या थंडीत नफूसा गेली.

आमच्याकडे मयत ठेवत नाहीत. सकाळी गेली, दुपारी मातीत. परदेशातली लेक पोचणार कुठून? ते तफीदालाही कळत होतं. पण इन्शिराह तिसऱ्या दिवशीही आली नाही. समाचाराला येणाऱ्यांसाठी घातलेला मांडव उतरला, खुर्च्या परत गेल्या, आणि चौथ्या दिवशी बाई दारात उभी. अंगात निळा कोट. गडद होता, पण निळा.

"काळं नव्हतं तुझ्याकडे?" तफीदाने विचारलं.

"ताई, कामावरूनच थेट निघाले. खुंटीला हा होता, हाच घातला."

"चार दिवस कामच संपत नव्हतं?"

"अरब मुलखात लढाई लागली होती, बातम्या वाचायला दुसरं कोणी नव्हतं..."

"तर लढाई मोठी. आई लहान."

एवढंच बोलून तफीदा आत गेली. काळ्या कापडाचं ठाण काढलं, बसल्या बैठकीला झगा शिवला आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर बहिणीच्या डोक्यातून घातला. म्हणाली, "हे मी घातलंय. वर्ष भरलं की मीच उतरवीन. त्याआधी तुझ्या अंगावरून उतरलं, तर मी तुला मेले आणि तू मला."

इन्शिराहने मान खाली घालून तो झगा घालून घेतला. तशीच विमानात बसून गेली. आणि त्या दिवसापासून तफीदाने सलाम बंद केला. घरातल्या टीव्हीवर तर आई गेली तेव्हाच चादर पडली होती. सुतकाच्या घरात चित्रं बघत नाहीत. रेडिओ तेवढा चालायचा, तोही असा, शेपटाकडून.

पाच महिने गेले. आणि मग व्हिएन्नाच्या त्या कंपनीने ठरवलं की रेडिओ पुरे झाला, आता अरबी बातम्यांची टीव्ही वाहिनी काढायची. दिवसरात्र बातम्या. पहिल्या दिवसाच्या पहिल्या बातम्या इन्शिराहने वाचायच्या, कारण अरबांच्या घराघरात तिचाच आवाज ओळखीचा. वय पन्नाशीचं, तोंड कोणी पाहिलेलं नाही, तरी हीच. अख्खी गल्ली आनंदाने वेडी झाली. गल्लीतल्या कॉफीखान्याचा मालक मुअल्लिम रागिब, रऊफने त्याच्या छपरावरची टीव्हीची डिश आठ दिवस आधीच फिरवून ठेवली.

त्याच आठवड्यात इन्शिराहचा फोन आला. नग्वाने घेतला. तफीदा शेजारीच भाजी निवडत होती.

"अम्मा, मावशी आहेत."

"विचार तिला, कशाला फोन केला."

"मावशी, अम्मा विचारताहेत..."

"ऐकलं मी, नग्वा. तिचा आवाज मला तारेशिवायही येतो," पलीकडून इन्शिराह म्हणाली. "तिला सांग, साहेब म्हणतात टीव्हीवर काळं चालणार नाही. पहिल्याच दिवशी तर नाहीच. रंगीत घाल म्हणतात. मी म्हटलं, विचारून सांगते."

नग्वाने तोंड उघडायच्या आत तफीदा बोलली, "सांग तिला, येत्या शुक्रवारी शेजारच्या शलबियाच्या लेकीचं, मीरवतचं लग्न आहे. शलबिया स्वतःच्या पायांनी आली, माझ्या उंबऱ्यावर बसली, म्हणाली, तुझ्या घरी दुःख आहे, मी ढोल वाजवू का? मी म्हटलं, वाजव. जी येऊन मागते तिला मी देते. जी तारेवरून मागते तिला देत नाही."

पलीकडून इन्शिराह म्हणाली, "बरं. तिला सांग, उतरवणार नाही. तिने सांगेपर्यंत नाही." फोन ठेवला.

नग्वाला राहवलं नाही. "अम्मा, त्यांना खुर्चीवरून उठवतील हो."

"उठवू देत. उभं राहायला मी शिकवलंय तिला," तफीदा म्हणाली. पण त्या दिवशी तिने अख्खी जुडी निवडून पानं कोंबड्यांना टाकली आणि देठ पातेल्यात.

शुक्रवार उजाडला. वाहिनी दुपारी सुरू व्हायची होती, नमाज उरकून लोक जेवायला घरी आले की. सकाळपासून शलबियाच्या दारात मांडव ताणला जात होता. मिझमारवाले, म्हणजे आमचे सनईवाले, आणि ढोलवाले येऊन भिंतीला टेकून चहा पीत होते. तफीदा घरात कबुतरांच्या पोटात भरडलेला हिरवा गहू भरत बसली होती. आणि तिकडे कॉफीखान्यात, रागिबने उगीच आपलं बघू या म्हणून त्या नव्या वाहिनीचा आकडा लावला.

पडद्यावर एक बाई होती. काळ्या कपड्यातली. डोळे खाली, ओठ हलताहेत, आवाज नाही.

खरं म्हणजे ती तालीम चालली होती. कॅमेरा कसा दिसतो, दिवा कुठे हवा, ते बघत होते. चित्र बाहेर जाऊ नये एवढी काळजी कोणी घ्यायला हवी होती, ती घ्यायची राहिली. पण हे इथे कोणाला ठाऊक? आमच्याकडे टीव्हीवरची बाई काळं घालून आली की लहान पोरालाही कळतं, वरचा कोणीतरी गेला. बातमी मागाहून येते, कपडे आधी येतात. आमच्या तीन पिढ्यांनी हेच पाहिलंय. आणि देश चालवणारा मोठा माणूस म्हाताराही होताच.

"या रब," रागिब म्हणाला आणि हुक्क्याची नळी खाली ठेवली. "बघा रे, सरकारी स्टेशनवर काय आहे?"

सरकारी स्टेशनवर कुराणपठण लागलं होतं, मोठं कोणी गेलं की लागतं तसं. ते दर शुक्रवारी लागतं. जन्मभर दर शुक्रवारी लागलं आहे. त्या दिवशी मात्र ते कोणाला आठवलं नाही.

रागिबने शटर अर्धं ओढलं. ते बघून वाण्याने पूर्ण ओढलं. वाण्याने ओढलं म्हणून बायका मागच्या दाराने साखर न् तेल मागायला धावल्या. मशिदीत नमाज झाल्यावर दोघे-तिघे इमामाकडे सरकले आणि कुजबुजले, "शेखसाहेब, दूरच्या मयतासाठीची नमाज पढवा ना."

"कोणासाठी?" इमाम म्हणाला.

कोणी नाव घेईना. जिवंत असला तर?

"कोणासाठी ते सांगा, मग पढवतो."

"तुम्ही असं करा, शेखसाहेब, नाव न घेता पढवा. अल्लाला ठाऊक आहे."

"अल्लाला ठाऊक आहे, पण चौकीतल्या जमादारालाही उद्या ठाऊक होईल," असं म्हणून इमामाने चपला घातल्या आणि घर गाठलं.

मिझमारवाल्यांनी तोवर वाद्यं पिशवीत भरली. म्हणाले, अशा दिवशी ढोल वाजवला तर ढोलासकट उचलून नेतात. मांडवातल्या खुर्च्या एकात एक जाऊ लागल्या. मीरवत हातापायांना मेंदी लावून, केस वर बांधून आतल्या खोलीत बसलेली. नवऱ्याकडून निरोप आला, चाळीस दिवस थांबू या. आणि चाळीस दिवसांनी त्या पोराचा कुवेतला कामाला जायचा परवाना संपणार होता.

शलबिया उघड्या डोक्याने तफीदाच्या घरात शिरली. "उम्म रऊफ! अगं रऊफच्या आई! तुझ्या बहिणीनं काळं घातलंय गं! माझ्या मुलीचा मांडव मोडला!"

तफीदाच्या हातात कबूतर होतं. ते तसंच राहिलं.

"कुठे घातलंय?"

"टीव्हीवर! सगळ्या जगापुढे! कोण गेलं ते तुला सांगितलंच असेल, तुझी बहीण आहे. खरं सांग, कोण गेलं?"

अख्ख्या मल्लवीत, मल्लवी कशाला, कैरोपासून अस्वानपर्यंत, कोण मेलं आहे हे त्या घटकेला एकट्या तफीदाला ठाऊक होतं. ती उठली, हात पुसले न पुसले, आणि दारात गेली. गल्लीत वीस-पंचवीस माणसं जमली होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे.

"कोणी मेलं नाही," ती म्हणाली.

"मग काळं?"

बोलणं सोपं नव्हतं. सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं, की बहिणीने विचारूनही मी तिला सोडलं नाही. तिने ओढणीच्या टोकाने ओठ पुसले. "माझी आई मेली. पाच महिन्यांपूर्वी. तुम्हीच माती दिलीत तिला. ते काळं तिचं आहे. मीच घातलंय."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग रागिब हळूच म्हणाला, "हज्जा, तू झाकतेस. बहिणीनं बजावलं असेल ना, बोलू नको म्हणून. आम्ही समजतो."

"मेल्या, झाकून मला काय मिळणार?"

"समजतो, हज्जा, समजतो," असं म्हणत त्याने उरलेलं शटरही ओढलं.

काय करावं या माणसांना! तफीदा जन्मभर खरं बोलली ते सगळ्यांनी मानलं, आणि ज्या दिवशी स्वतःच्या अंगावर ओढून खरं बोलली त्याच दिवशी कोणी मानेना. तिच्या शब्दाने आता काही व्हायचं नव्हतं. त्याच पडद्यावर तीच बाई दुसऱ्या रंगात दिसायला हवी होती, दुसरा उपाय नव्हता. आणि तो रंग तिने स्वतःच घातलेल्या शब्दात अडकलेला.

आत फोन वाजला.

नग्वाने उचलला, ऐकलं, आणि रडवेली झाली. "अम्मा, मावशी म्हणतात, कैरोहून तिकडे फोनवर फोन चाललेत, कोण गेलं म्हणून. साहेब डोक्यावर उभे आहेत. वाहिनी सुरू व्हायला घटकाभरच आहे. काळं उतरवा, नाहीतर खुर्ची सोडा म्हणतात. बैरूतची एक मुलगी तयार करून बसवलीये. मावशींनी सांगितलं, बसवा तिला. तुम्हाला एवढंच कळवायला फोन केलाय, की उद्या लोकांनी विचारलं तर..."

तफीदाने सुनेच्या हातातून फोन ओढला. पाच महिन्यांनी.

"वेडी आहेस का गं तू?"

"ताई?"

"खुर्ची सोडते म्हणे! पंचवीस वर्षं घसा फोडून वाचलंस, आणि आता तोंड दाखवायची वेळ आली तर उठतेस?"

"तू म्हणालीस, मी घातलं, मीच उतरवीन."

"मग काय मी विमानात बसून येऊ? हातात कबूतर घेऊन?"

"नको. पण तुझा शब्द आहे, ताई. मी आईला माती द्यायला नव्हते. मांडवातही नव्हते. मी आईचं काय केलं? हे एवढंच केलं. एवढं काळं पाळलं. तेही मोडू?"

तफीदा भिंतीला टेकली. शलबिया, नग्वा आणि आणखी चार बायका दारात उभ्या होत्या. बाहेर मांडवाचा एक खांब पडल्याचा आवाज आला.

"ऐक," तफीदा म्हणाली. "आई शेवटचे चार दिवस काही खात नव्हती. पण संध्याकाळी तुझा आवाज लागला की डोळे उघडायची. मला म्हणायची, बघ, ही आली. मी हे तुला सांगितलं नाही. रागाने सांगितलं नाही. तू वाचत होतीस ते ती ऐकत होती. कळलं?"

पलीकडे नुसतं रडणं.

"रडू नकोस, डोळे सुजतील, आणि मग लोक म्हणतील दोघं मेले." तफीदाने नाक ओढलं. "घालायला काय आहे?"

"साहेबांनी एक हिरवा कोट आणलाय. पोपटासारखा."

"शी. सुतकातली बाई पोपट होऊन येणार? तो तुझा निळा कोट कुठे आहे? त्या दिवशी घालून आलीस तो?"

"इथेच. खुंटीला. परत आले आणि लटकवला. मग हात नाही लावला."

"तो घाल."

"ताई..."

"मान पुढे कर. मी उतरवतेय. बिस्मिल्ला." आणि तफीदाने, त्या खोलीतल्या रिकाम्या हवेत, दोन्ही हात खांद्यापासून वर नेले, कोणाच्या तरी डोक्यातून काही काढावं तसे. फोन खांद्यात दाबलेला. "उतरलं. जा आता, नाहीतर ती बैरूतवाली बसेल."

फोन ठेवून ती बायकांकडे वळली. "काय बघता? चादर काढा त्या टीव्हीवरची."

"अम्मा, वर्ष कुठे झालंय?" नग्वा म्हणाली.

"माझं काळं माझ्या अंगावर आहे. ते वर्षभर राहील. टीव्ही काही आमच्या आईचा कोणी नव्हता."

रऊफने गच्चीवर जाऊन तार जोडली. घर भरलं. रागिबही आला, दाराच्या चौकटीत अर्धा आत अर्धा बाहेर, वेळ पडली तर पळता यावं म्हणून. पडद्यावर एक गोल पृथ्वी फिरत होती. ती फिरतच राहिली. शलबियाच्या हातातली जपमाळ एवढ्या जोरात चालली होती की मणी तुटतील असं वाटावं. जर बैरूतची मुलगी आली, तर लोक म्हणणार, इन्शिराह सत्य सांगत होती म्हणून उठवली. मग ढोलाचं नावच नको.

पृथ्वी गेली. एक मोठं दालन दिसलं, लांबून. लांब टेबलामागे एक बाई. कपडे गडद.

"काळंच!" शलबिया किंचाळली. "अल्ला, काळंच आहे!"

रागिबचा एक पाय बाहेर गेला.

तफीदाने नुसतं गुडघ्यावर झुकून डोळे बारीक केले. चित्र पुढे सरकलं, जवळ आलं, बाईच्या खांद्यावर उजेड पडला, आणि निळा रंग उमटला. साधा, दोन हिवाळे वापरलेला, एका बाहीला दुमड राहिलेला निळा कोट. वर इन्शिराहचं तोंड, डोळे जरा लाल, पण मान ताठ.

अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं की आता ती काय म्हणणार, आणि पाच महिने तफीदा काय करत होती.

इन्शिराहने समोर बघितलं. सगळ्या अरब मुलखाला बघितलं असेल, पण त्या खोलीत तसं कोणाला वाटलं नाही. म्हणाली, सलाम.

तफीदाने डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"वालैकुम सलाम," ती म्हणाली, पूर्वीइतकंच मोठ्याने. "जेवलीस का गं?"

बाहेर कोणीतरी ढोलावर पहिली थाप मारली. मग दुसरी. शलबिया धावली, रागिब तिच्यामागे शटर उघडायला धावला, आणि व्हिएन्नाच्या त्या नव्या वाहिनीची पहिली बातमी काय होती, ते मल्लवीत आजपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.